अकानिसी मॅडमचा निनावी लेख

खोटं कशाला सांगू, अकानिसी मॅडमना मुलं टरकून असायची. आमच्या बेटांच्या राजधानीत, सुवाच्या विद्यापीठात त्या अर्थशास्त्र शिकवायच्या आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना संशोधनाचे धडेही त्याच द्यायच्या. बाईंचा हट्ट एकच. प्रत्येकानं लेख लिहायचा, वरचं नाव काढून टाकायचं, आणि तो ज्या दोघांच्या वाट्याला येईल त्यांनी त्याचं परीक्षण करायचं, तेही निनावी. काय पटलं, काय नाही, निष्कर्ष कुठे लंगडतो, सगळं लिहायचं. संशोधनाची मोठी मासिकं असं तपासून घेतल्याशिवाय ओळ छापत नाहीत, मग आपण का सोडायचं?

पण आमच्या बेटांवर दुसऱ्याच्या कामाला तोंडावर नावं ठेवणं म्हणजे त्याच्या चटईवर चपला घालून चालणं! मुलं आपली लिहायची, "फार सुंदर लेख. देव लेखकाचं भलं करो." बाई कपाळावर हात मारायच्या. "अरे, हे परीक्षण आहे की लग्नातलं भाषण?"

यंदा बाईंनी एक उद्योग केला. मुलांच्या गठ्ठ्यात आपला स्वतःचा लेख सरकवून दिला, अर्थातच बिननावाचा. चांगला लेख कसा असतो ते पोरांना कळावं, आणि खरं विचाराल तर चार कौतुकाचे शब्द आपल्याही कानावर पडावेत. एवढा मोह कुणाला होत नाही?

हा लेख म्हणजे बाईंचा जीव की प्राण. त्यांचं कंत्राट संपत आलं होतं. शुक्रवारी लेख मासिकाकडे गेला तर कायमच्या नेमणुकीची आशा होती, नाहीतर गाशा गुंडाळायचा. विषय होता किनाऱ्यावरच्या एका गावाचा. गावानं आपला समुद्राचा एक तुकडा मासेमारीला बंद केला होता. बाई घरोघर फिरल्या. बंदी पाळता का, पोट भरतं का, असं विचारत गेल्या. एकूण एक घरानं सांगितलं, बंद पाण्यात कुणी जात नाही आणि कुणी उपाशीही नाही. बाईंनी निष्कर्ष काढला, गावानं आपणहून घातलेली बंदी लोक पाळतात, त्यासाठी ना दंड लागतो ना सरकारी मदत.

बुधवारी वर्गात परीक्षणं वाचून दाखवायचं काम रोहितेशकडे होतं. बडबड्या पोरगा, आवाज खणखणीत. बाईंच्या लेखावरचं पहिलं परीक्षण झालं. फार सुंदर, देव भलं करो. मग त्यानं दुसरं उचललं.

"आभार मानताना लेखक लिहितात, गावप्रमुख प्रत्येक घरी आमच्यासोबत बसले. ज्यांनी बंदी घातली तेच शेजारी बसले, तर आम्ही बंदी मोडतो असं कोण म्हणेल? ही घराघरांची उत्तरं नाहीत, एकट्या प्रमुखांची आहेत. लेख असा छापू नये."

प्रमुख सोबत बसले यात काही चूक आहे असं बाईंच्या मनातही आलं नव्हतं! गावात जायचं, यंगोनाच्या, म्हणजे इथल्या मानाच्या पेयाच्या, मुळ्या प्रमुखांपुढे ठेवायच्या, मग प्रमुख स्वतः हिंडवणार. तुम्ही घरी थांबा, असं त्यांना सांगणारी बाई कुठल्या आईबापांची? रीत पाळली म्हणून तर त्यांनी मनापासून आभार मानले होते.

इकडे वर्गात गलका उठला.

"कोण रे हा शहाणा?"

"प्रमुखांना काय उंबऱ्याबाहेर उभं करायचं?"

"घरी काही वळण लावलेलं दिसत नाही!"

रोहितेशनं कागद खाली टाकला. "मॅडम, हे बादच करा. लेखकाचा सरळसरळ अपमान आहे. बिचारा इथेच कुठेतरी बसला असेल."

सगळी तोंडं बाईंकडे वळली. नुसती मान हलवायची होती, बस्स. पोरांनी परस्पर काटा काढलाच होता. लेख शुक्रवारी गेला असता, लेख कुणाचा हे कुणाला कळलंही नसतं. बाईंनी मान हलवायला घेतलीसुद्धा. तेवढ्यात मागच्या बाकावर कुणीतरी म्हणालं, "यापुढे असं लिहायची हिंमत नाही व्हायची त्याची," आणि बाईंची मान मध्येच थांबली. वर्षानुवर्षं घसा कोरडा केला, तो एवढ्यासाठी?

"लेख माझा आहे," त्या म्हणाल्या.

रोहितेशनं खाली टाकलेला कागद बाईंनी उचलला.

"आणि ज्यानं हे लिहिलंय त्याचं बरोबर आहे. शुक्रवारी हा लेख जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या दारात दोन माणसं उभी. एक वर्गातला पेनाया, कधी तोंड न उघडणारं पोर. दुसरे त्याचे थोरले काका सेवुलोनी, लेखातल्या नव्हे, नाविसाऊ गावचे प्रमुख. नातेवाइकाच्या आजारपणासाठी ते सुवात आलेले होते. काकांच्या हातात यंगोनाच्या मुळ्यांची मोळी होती. बाईंना क्षणात उमगलं. परीक्षण लिहिणारा हाच. आता काय करावं, बाई?

कारण ही माफीची मोळी. थोरांचा अपमान झाला की घरातलं वडीलधारं माणूस ती घेऊन येतं. समोरच्यानं तिला हात लावला की झालं गेलं पुरलं, त्या गोष्टीचा पुन्हा उच्चार करायचा नाही. आणि नाकारली, तर आलेल्या घराण्यानं तोंड दाखवायचं कुठे?

काका चटईवर मांडी घालून बसले. मोळी पुढे ठेवली. "बाई, लेकरू चुकलं. याचा बाप नाही, म्हणून मी आलो. पदरात घ्या."

बाईंचे हात मांडीवरच राहिले. "काका, मला ही घेता येणार नाही."

काकांचा चेहरा उतरला. "माझ्या पिकल्या केसांची तरी लाज राखा."

"ती राखण्यासाठीच बोलतेय. हिला हात लावला तर यानं जे लिहिलं ते पुरलं जाईल. ते मला जिवंत हवंय. नाहीतर उद्यापासून एकही पोर खरं लिहायचं नाही."

"लिहिलं तरी काय असं या गाढवानं?"

बाईंनी वाचून दाखवलं. काका ऐकत होते. शेवटाला त्यांच्या कपाळावर आठी आली.

"पाहुणा आला की मीसुद्धा जातो घरोघर. माझ्यासमोर कोण खोटं बोलतं?" ते पुतण्याकडे वळले. "हे तुझ्या डोक्यात आलं कुठून? बोल."

पेनाया खाली बघत राहिला. नको बोलूस रे, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं. लेख जाऊ दे खड्ड्यात, पण बोललं तर हे पोर आपल्याच घरातलं माणूस पकडून देणार होतं! नाविसाऊतही समुद्र बंद होता, आणि बंदी मोडणाऱ्याला सगळ्या गावासमोर उभं करायचे ते हेच काका.

"आईमुळे," पेनाया म्हणाला. "ती सरकारी माणसं विचारायला आली होती ना, तेव्हा तुम्ही आमच्या दाराशी बसला होतात. आई म्हणाली, आमच्या घरातलं कुणी बंद पाण्यात जात नाही. काका, आदल्या दिवशी मीच गेलो होतो. आठवडाभर नुसते कसाव्याचे कंद खात होतो आम्ही. ती बोलत होती तेव्हा चुलीवर तोच मासा शिजत होता."

बाईंना वाटलं, आता हा माणूस उठणार आणि मागे वळून बघणार नाही.

"नारळाच्या दुधातला," काका शेवटी म्हणाले.

पेनायानं मान वर केली.

"मीठ अंमळ जास्त पडलं होतं. ती माणसं गेल्यावर मी जेवलो ना तुमच्याकडे. दुसऱ्यांदा मागूनही घेतला."

"काका... तुम्हाला माहीत होतं?"

"तसला मासा त्या बंद पाण्याबाहेर राहिलाय कुठे आता?"

काकांनी बाईंकडे पाहिलं नाही. हात लांब करून मोळी हळूच आपल्याकडे ओढली आणि मांडीवर घेतली.

"बाई," ते म्हणाले, "आमच्या गावी विचारायला याल त्या दिवशी आधी निरोप धाडा. मी मळ्यात जाऊन बसेन."