डावा काठ

रुपचंद नानांनी उभ्या नोकरीत डावी बाजू सोडली नाही. एसटीत ड्रायव्हर होते. शिरपूर, चोपडा, यावल, परत चोपडा. केळीचे ट्रक अंगावर आल्यासारखे येतात तो रस्ता. पण नानांच्या गाडीला कधी ओरखडा नाही. रिटायर झाले तेव्हा डेपोत नारळ देताना साहेबांनी हेच सांगितलं, आणि नाना ते गावभर सांगत राहिले.

गाव चोपड्याच्या अलीकडे, हायवेला लागून. घरात नाना, बायको तानुबाई आणि सून मेघा. मुलगा अमृत सुरतेला साड्यांच्या मिलमध्ये. सणाला येतो, दोन दिवस झोपून काढतो, जातो. मेघा बारावी शिकलेली, उंच, लांब टांगांची. पोलीस भरतीत तिचा लेखीचा प्रश्न नव्हता. ग्राउंड, म्हणजे धावणं, निघालं की झालं. वयाच्या अटीत बसणारी तिची ही शेवटची भरती होती.

सून हायवेवर पळते म्हटल्यावर गाव बोललंच. नानांचा नेम ठरलेला. पहाटे मोटरसायकल काढायची, मेघानं पुढे पळायचं, नानांनी मागून फटफट करत लाईट टाकायचा. दोन्ही बाजूंना केळी. आत अंधार असा, की पानं हलली तरी आपण हललो असं वाटावं. मागच्या वर्षी बिबट्यानं याच पट्ट्यात वासरू ओढून नेलं होतं. म्हणून लाईट. आणि ट्रकवाले डुलक्या घेतात, म्हणून रस्त्याचा डावा काठ सोडायचा नाही. जाताना डावा, येतानाही डावा. तिचा पाय जरा मध्ये आला की नाना हॉर्न द्यायचे.

तानुबाई म्हणायची, "तुम्ही एसटी सोडी, पन एसटीनी तुमले सोडं नही. सूनबाईले बी टाईमटेबल लायी दिधं."

दुखणं उन्हाळ्यात सुरू झालं. डाव्या नडगीत, आतल्या अंगाला. आधी पळून झाल्यावर दुखायचं, मग पळताना, मग नुसतं चुलीपाशी बसलं तरी. मेघानं बूट बदलले. मिठाच्या पाण्यात पाय बुडवून झाले. तानुबाईनं मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट जबर, म्हणून ती त्या रात्री जेवली नाही. बेबाबाई बाळंतिणींना चोळते, तिला बोलावलं. तिनं गरम तेलानं नडगी अशी रगडली की मेघानं पदर तोंडात धरला. दुसऱ्या दिवशी तिथं बोट लावू देईना. तरी पहाटे उठून ती गाडीपुढे उभी. मेडिकलमधली गोळी घेतली की पाय चालायचा.

नानांना मागून लाईटात सगळं दिसत होतं. तिचा डावा खांदा खाली जायचा. जमीन तिला त्या बाजूनं ओढते आहे असं वाटायचं. पण पोरगी पळते आहे ना, म्हणून ते लाईट टाकत राहिले.

शेवटी चोपड्याला डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी आधी बूट मागितले, उलटे करून पाहिले. मग नडगीवर अंगठा फिरवत फिरवत एका जागी दाबला. मेघाचा सगळा देह उडाला. त्याच पायावर उडी मारायला लावली, तर तिनं भिंत धरली. हाडाचा फोटो काढला. त्यात नानांना काही दिसेना. बाईंनी पेनानं केसाएवढी रेघ दाखवली.

"रोज कुठं पळता?" त्यांनी विचारलं.

उत्तर नानांनी दिलं. जरा अभिमानानंच. "मी तिना मांगे र्‍हास, बाई. लाईट टाकस. डावा काठ सोडू देत नही."

"जातानाही आणि येतानाही?"

"येताना बी."

डॉक्टरबाईंनी टेबलावरची फाईल उचलली, एका बाजूला कलती धरली आणि तिच्यावर दोन बोटं उभी केली. पावसाचं पाणी निघून जावं म्हणून रस्ता मध्ये उंच असतो, कडेला उतरतो. खालचं बोट डावं. एवढ्यानंच हाड चिरत नाही, त्या म्हणाल्या; पळणंही एकदम वाढवलंय, वर चोळून घेतलंय, गोळ्या खाऊन दुखणं दाबलंय. पण रोज मार खाल्लाय तो याच पायानं.

नाना त्या बोटांकडे बघत राहिले. त्या उतारावरून त्यांनी आयुष्यभर स्टिअरिंग धरलं होतं. गाडी डावीकडे ओढते हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं.

"मंग मी उजव्या आंगे पयू का?" मेघानं विचारलं.

आता बाजूचा प्रश्न उरला नाही, बाई म्हणाल्या. दीड महिना पळणं बंद. नाही ऐकलं तर ही रेघ आरपार जाईल.

ग्राउंड त्याच्या आत होतं.

घरी येऊन नानांनी मोटरसायकल ओसरीत लावली आणि तिच्यावर गोणपाट टाकलं. मेघा भांडली नाही, रडली नाही. अमृतचा फोन आला तेव्हा पाय बरा आहे म्हणाली. आठवडाभर ती इतकी शहाण्यासारखी वागली की तानुबाईला बरं वाटायला लागलं आणि नानांची झोप उडाली. एका संध्याकाळी भाकरी वाढताना ती हसून म्हणाली, "आते दुखत नही नाना. कायच दुखत नही." नाना उठून ओसरीतलं गोणपाट नीट करून आले.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना जाग आली तेव्हा तिचं अंथरूण घडी घातलेलं होतं. बूट नव्हते.

नानांनी गोणपाट ओढलं आणि किक मारली. हायवेवर धुकं नव्हतं, वारा नव्हता. पुलाच्या पुढे ती दिसली. उजव्या काठानं, समोरून येणाऱ्या ट्रकांच्या अंगानं पळत होती. उतार उलटा केला की पाय सरळ होईल, असा तिनं हिशोब मांडला असावा. आणि पळत होती ती सुरेख. खांदा पडत नव्हता. इतकी हलकी तिला नानांनी कधी पाहिली नव्हती. क्षणभर त्यांना वाटलं, लाईट बंद करावा, आल्या वाटेनं परत जावं.

पण लाईट तिच्यापर्यंत पोचला होता. तिला आपली सावली पुढे पडलेली दिसली आणि कळलं, नाना थांबवायला आलेत. तिनं मागे पाहिलं नाही. वेग वाढवला. ग्राउंडवर शेवटच्या फेरीला वाढवतात तसा.

नानांना काही ऐकू आलं नाही; इंजिन चालू होतं. त्यांना एवढंच दिसलं, की ती पळता पळता खाली बसली.

गाडी तिथंच टाकून ते धावत पोचले. मेघा काठावर दोन्ही हात टेकून बसली होती, समोर बघत. चेहरा कोरडा होता.

"नाना, हाडना आवाज उना," ती म्हणाली. मग, समजावल्यासारखं, "जराख बसू द्या. ग्राउंडले आजून येळ शे."

नडगी मधूनच वळली होती. तिनं अजून खाली पाहिलं नव्हतं. नानांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि तिच्या पायावर टाकला.