उभं राहून दिलेलं उत्तर

अन्वी आणि ईशान,

शाळेतल्या टॅबने ईशानला 'स्लो' ठरवलं, असं तुमची आई परवा फोनवर सांगत होती. म्हणून हे आजच लिहिते आहे. तोच शेरा एकदा मीही लिहिला होता, अख्ख्या वर्गावर.

साल सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी असेल. जळगावला शिक्षक तयार करणाऱ्या कॉलेजात मी शिकवत होते. एका कंपनीने पाढ्यांचा खेळ काढला होता. टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर, त्यात खेळाची कॅसेट घालायची. पडद्यावर प्रश्न येई, मुलाने आकडे दाबायचे. दहा सेकंदांत दाबले नाहीत की बीप वाजे आणि उत्तर चूक धरलं जाई. असं काही शाळांना देण्याआधी मुलांना खेळवून पाहायचं, मग अहवाल द्यायचा. त्याला मूल्यमापन म्हणतात. ते काम माझ्याकडे आलं.

शहरातल्या शाळेत मुलांना वीसपैकी सोळा-सतरा मिळाले. मग आम्ही जवळच्या असोदा गावी गेलो. चौथीचा वर्ग. तीन. दोन. शून्य.

कंपनीचे देशमुख माझ्या कानाशी म्हणाले, "मॅडम, खेड्यात जरा लवकरच आलो आपण."

मुख्याध्यापकांना सगळे नाना म्हणत. त्यांचा चेहरा पडला. "बाई, पोरं एवढी ढ नाहीत हो. आता मशीन शहरातच राहणार ना?"

राहणारच होतं. गुण कमी पडले तर मशीन खेड्यात द्यायचं नाही, असं शिक्षण खात्याच्या ऑफिसात आधीच ठरलं होतं. मी वहीत लिहिलं, 'आकलनाचा वेग कमी.'

दुसऱ्या दिवशी खेळ सुरू झाला आणि लाइट गेली. नुसतं बसून काय करायचं, म्हणून पडद्याशेजारची खुर्ची सोडून मी मुलांसमोर गेले. पहिल्या रांगेतल्या सुनंदाला विचारलं, "आठ साते?"

ती उभी राहिली, हाताची घडी घातली. "छप्पन्न." आणि तशीच उभी. मी "बस" म्हटल्यावर बसली. पुढचा मुलगाही तसाच. सगळ्यांची उत्तरं बरोबर.

लाइट आली. या वेळी मी पडद्याकडे पाहिलंच नाही, सुनंदाकडे पाहिलं. प्रश्न आला तशी ती उठली. टीव्हीला खणखणीत आवाजात "चोपन्न" म्हणाली. घडी घातली. वाट पाहत राहिली. बीप.

मुलं उभी राहतात हे मला कालही दिसलं होतं. पाहुणे आले म्हणून राहत असतील, असं मी समजले होते. त्यांचं बोलणंही कानावर आलं होतं, पण मी पडद्यावरचे गुणच बघत होते.

"अगं, बटण का नाही दाबलंस?"

"बाई, तुम्ही 'बस' म्हन्ल्याच नही!"

मागून एक जण म्हणाला, "टीव्हीले कान नही गं, सुनंदे!" वर्ग हसला. पण तोही मघाशी असाच उभा राहिला होता.

देशमुखांना म्हटलं, "हे दहा सेकंद काढा."

"ते कॅसेटमध्येच आहे, मॅडम. इथे बदलता येत नाही."

मग मी मुलांना सांगितलं, या खेळात कुणी 'बस' म्हणणार नाही, बसल्या बसल्या दाबायचं. मुलांनी नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, "दाबा रे." कुणी हात हलवेना. शेवटी नाना उठले. "गुरुजींसमोर बसून उत्तर द्यायचं नाही, हे मीच शिकवलंय. मी इथे आहे तोवर ही दाबणार नाहीत," म्हणाले आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

चौदा. सोळा. सुनंदाला अठरा.

ऑफिसात साहेब म्हणाले, "एका ओळीत सांगा. खेड्यात द्यायचं की नाही?"

"द्यायचं, सेकंदांचं बंधन काढून. आणि पहिल्या दिवसाचे गुण धरू नका."

"मग तुमची चूक झाली असं लिहावं लागेल."

"लिहिलंय, दुसऱ्या पानावर."

त्यांनी ते पान दोनदा वाचलं आणि सही केली. कंपनीने नवी कॅसेट पाठवायला सहा महिने लावले, पण एक मशीन असोद्याला गेलं. पुढे माझ्या विद्यार्थ्यांना मी एवढंच शिकवलं: मुलांची वस्तू तपासताना खुर्ची मुलांकडे तोंड करून ठेवा. पडद्यावरचे आकडे नंतरही वाचता येतात.

ते मशीन कधीच मोडीत गेलं. नानाही गेले. अहवालाची कार्बन प्रत माझ्या कपाटात आहे. अक्षरं फिकी झाली आहेत, पण वाचता येतात. अन्वी, ईशान टॅब घेऊन बसेल तेव्हा तू टॅबकडे नको, त्याच्याकडे बघ.

तुमची आजी