अब्बांचा मिस कॉल आला नाही तेव्हा

परवा माझी भाची नोकरीसाठी दुबईला निघाली. आठ दिवस आमच्या भोरच्या घरात एकच विषय... कुठला डेटा पॅक घ्यायचा, रोमिंग करायचं की तिथलं सिम, उतरल्याबरोबर नेट चालू होईल ना! 

मला अब्बांची हजयात्रा आठवत होती. सतरा-अठरा वर्षं झाली असतील. तेव्हा फोनवरचं नेट म्हणजे चुकून बटण दाबलं गेलं की घाबरून लगेच लाल बटण दाबायचं, एवढाच आमचा आणि त्याचा संबंध.

अब्बा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर भोरच्या बाजारपेठेत शिलाई मशीनवर बसलेला माणूस... वय सदुसष्ट, अंगात शुगर, आणि पुण्याच्या पुढे एकट्याने कधी गेलेले नाहीत. अम्मीचे गुडघे दुखायचे म्हणून ती मागे राहिली, आणि तिच्यासोबत मी.

मोबाईलचं सगळं शहाणपण घरात एकट्या माझ्याकडे होतं. मी तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला होते, तिथे रिचार्जही विकायचे. येईल त्या गिऱ्हाइकाला फुकटचा सल्ला द्यायचे... बाहेरच्या देशातला अनोळखी नंबर आला तर उचलायचा नाही, बॅलन्स साफ होतो, सरळ कट करायचा!

अब्बांशी ठरलं होतं, तिथलं सिम घ्यायचं आणि रोज असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची नमाज झाली की मिस कॉल द्यायचा. तेव्हा आमच्याकडे दिवेलागण झालेली असायची. मी कट केलं की त्यांना पोच मिळाली. बोलायचं फक्त शुक्रवारी.

पहिले पंधरा दिवस घड्याळ लावून घ्यावं असा फोन यायचा. नंबराच्या सुरुवातीला सौदीचं ९६६ दिसलं की मी कट करायचे आणि ओरडून सांगायचे, "अब्बा खुशाल!" मग अम्मी जेवायला बसायची.

हजचे मुख्य दिवस आले, सगळे मक्केहून जवळच्या मीना इथल्या तंबूंमध्ये गेले... आणि त्या संध्याकाळी अब्बांचा फोन आला नाही.

एक भलताच नंबर तेवढा आला, ९६६ नसलेला. मी रागारागाने कट केला. इथे आमचा जीव टांगणीला, आणि या चोरांना हीच वेळ सापडते!

अब्बांचा नंबर फिरवला तर एक बाई आधी अरबीत आणि मग इंग्रजीत फोन बंद असल्याचं सांगायची. ती बाई मी वीसेक वेळा ऐकली असेल. ज्या हज ग्रुपबरोबर ते गेले होते, त्याच्या प्रमुखांचा फोन लागतच नव्हता.

दुसरा दिवस तसाच गेला. टीव्हीवर नुसती पांढऱ्या कपड्यांची गर्दी... त्यात मी वेड्यासारखी अब्बांना शोधत होते. चक्कर येऊन पडले असतील का? गोळ्यांची पिशवी हरवली असेल का? रस्ता चुकले तर विचारणार कुणाला, त्यांना धड हिंदीही येत नाही.

संध्याकाळी पुन्हा तोच भलता नंबर. पुन्हा कट... यावेळी दोन शिव्याही घातल्या.

अम्मीने त्या दिवशी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती. खरं सांगते, अब्बा आता परत येत नाहीत असं मला वाटायला लागलं होतं. ते तिला कसं सांगायचं, याची जुळवाजुळवही मनात सुरू झाली होती.

तिसऱ्या दिवशी ठरवलं, उद्या सकाळच्या एसटीने पुण्याला ग्रुपच्या ऑफिसात जायचं. दिवेलागणीला मी त्यांच्या पावत्या आणि कागद शोधत बसले होते. फोन अम्मीच्या मांडीवर होता, तो वाजला. मी वाकून पाहिलं... तोच नंबर!

"कट कर, कट कर!" मी ओरडले.

पण कट कुठून करायचं हे मी अम्मीला कधी शिकवलंच नव्हतं. तिला नाही कळायचं, असं मीच धरून चालले होते. तिने घाबरून हिरवं बटण दाबलं.

"उचलला कशाला गं? दुसऱ्याचा मोबाईल हाय!"

अब्बांचा आवाज... इतका मोठा की मला लांबून ऐकू आला.

"अवो, कुठं हाये तुमी? तीन दिस झालं, फोन न्हाई!" अम्मी रडायलाच लागली.

"म्हंजी? रोज करतोय की! माझा चार्जर मक्केच्या खोलीवरच ऱ्हायला. हितं बांगलादेशचा एक भाऊ हाय, त्याच्या तिकडच्याच नंबरावरनं मिस कॉल देतोय. आपली नसीम लगी कट करती..."

मी फोन घेतला. "गोळ्या घेताय ना?" एवढंच विचारलं.

"व्हय. तू बी लई चपळ! रिंग वाजती न वाजती तोवर कट. म्हनलं, पोरगी फोन हातातच घिऊन बसलीय, मंग मला कसला घोर? ठिव आता." आणि त्यांनी फोन ठेवलाही.

आम्ही दोघी तिथेच बसून रडलो आणि मग हसलो. त्या रात्री अम्मी दोन भाकऱ्या जेवली.

अब्बा सुखरूप परत आल्यावर मी त्यांना विचारलं, त्या भाऊंचं नाव काय? अब्बांनाही ठाऊक नव्हतं. "भाईजान म्हनायचो," म्हणाले.

ज्या माणसाचा फोन मी चोर समजून दोनदा कापला, त्यांनी तिसऱ्या संध्याकाळीही तो अब्बांच्या हातात दिला. त्यांना हे कधी पोचणार नाही, तरी लिहिते... शुक्रिया, भाईजान.