रिकाम्या पकडीतला करंट

धम्मप्रिया सोनकांबळे मुदखेडहून रोज नांदेडला येते. इथल्या एका महाविद्यालयात ती सिरॅमिकवर पीएच.डी. करते. सिरॅमिक म्हटलं की लोकांना फरशी आठवते. तिची चकती शर्टाच्या बटणाएवढी, फिक्कट पिवळी. सिरियम ऑक्साइडमध्ये थोडं गॅडोलिनियम मिसळून भट्टीत भाजलेली. चकतीत अणूंच्या काही जागा रिकाम्या असतात आणि ऑक्सिजनचे आयन त्यांतून सरकत जातात. दोन्ही बाजूंनी व्होल्टेज लावलं की चकतीची जाडी बदलते. किती, तर केसाच्या जाडीचा हजारावा भागही नाही. सूक्ष्म यंत्रांना हालचाल द्यायला असं साहित्य उपयोगी पडेल, म्हणून अनेक ठिकाणी ही मोजणी चालू आहे.

इतरांची चकती व्होल्टेजच्या दिशेने आकसते. धम्मप्रियाची फुगली.

"जगाचं एक, आपलं एक!" मार्गदर्शक शेषेराव सर खूश झाले. पेपर गेला, स्वीकारलाही गेला. प्रबंधाचं मुख्य प्रकरण तेच ठरलं.

तिला मात्र एक गोष्ट खटकत होती. व्होल्टेज बंद केलं तरी चकती लगेच मूळ जाडीवर येत नव्हती. तवा निवावा तशी सावकाश येत होती. मार्चमध्ये तिने चकती काढून ठेवली आणि चकती धरणाऱ्या पकडीलाच नुसतं व्होल्टेज लावलं. मध्ये फक्त हवा. करंट यायलाच नको होता. आला.

पकडीच्या तळाशी, दोन तारा एकमेकींपासून अलग ठेवणाऱ्या पांढऱ्या कड्यावर, लालसर थर होता.

"गुंडप्पामामा, हे काय हाय?"

प्रयोगशाळेतले परिचर गुंडप्पा देगलूरचे. त्यांनी चष्मा वर सरकवला. "कुंकू की. खंडेनवमीचं."

"आतमधी?"

"मशीन पुजायची तर नुसती पेटी पुजायची का? पाणी जरा जास्त झालं, वघळलं आसंल."

खंडेनवमीला शेतकरी औतं पुजतो, ड्रायव्हर जीप पुजतो, इथे मोजमापाची उपकरणं पुजतात. धम्मप्रियाच्या घरात ती रीत नाही. त्या दिवशी ती येत नाही. नंतर पकड पुसली होती, पण वरवर. तिची सगळी मोजणी दसऱ्यानंतरची. थरातून करंट झिरपत होता, पकड तापून फुगत होती आणि यंत्र ते फुगणं चकतीच्या नावावर टाकत होतं.

"सर, पेपर मागं घ्यावा लागंल."

"कुंकवानं विज्ञान बाटलं, असं लिहू संपादकाला?"

"करंट गळत होता, एवढंच लिहा. कशातून, ते कशाला?"

"तुला पूजाच खुपली, असं म्हणतील लोक."

"लोक न्हाई सर, तुम्हीच म्हणून राहिले."

सरांनी मोबाइल उचलला. बोलणं संपलं.

बाहेर गुंडप्पा उभे होते. "ताई, माझ्यामुळं झालं का वो?"

"तुमचं काय त्यात? रिकामी पकड मी आधी तपासायची होती."

ते खरंच होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग होता. कडं स्पिरिटने घासून तिने पुन्हा मोजणी केली. चकती आकसली, इतरांची आकसते तेवढीच. नवं काहीच उरलं नाही. तिने संपादकांना स्वतः मेल केला. उत्तर आलं, पत्रव्यवहारासाठी ज्यांचं नाव आहे त्यांनी कळवावं. ते नाव शेषेराव सरांचं.

मग तिच्या हातात होतं तेवढं तिने केलं. प्रबंधातून ते प्रकरण काढलं.

"ते काढल्यावर उरतं काय?" सरांनी विचारलं.

"प्रस्तावना."

प्रबंध या वर्षी सादर होणार नाही. मे महिन्यात पेपर छापून आला. चकती फुगते, असं त्यात लिहिलं आहे आणि पहिलं नाव धम्मप्रियाचं आहे.