बाजारात घ्यायची नावं

आठवडी बाजारात, चिंचेखाली, नाकेदाराने माझ्या भावाच्या गळ्यात मोहफुलांची टोपली अडकवली आणि त्याला कान धरायला लावले.

"म्हण, मी जंगल जाळलो."

मनिराम दहावीत होता, मी सातवीत. गोंदिया जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. आमच्याकडे फुलं वेचायच्या आधी मोहाखालचा पाला जाळतात. काळ्या जमिनीवर पिवळी फुलं दिसतात. त्या दिवशी आमची आग थोडी पुढे सरकली. आईने ओल्या फांद्यांनी विझवलीसुद्धा. पण धूर बघून जंगलाचा नाकेदार पोचला होता.

"आवाज नाही येऊन राहिला, गोंड्या. मोठा शिकून राहिला ना? जोरात म्हण."

मनिराम जोरात म्हणाला. किराणावाला शेठ हसला, "साहब, पूरा पाठ पढवाओ इससे!" मग सगळा बाजार हसला. आई हात जोडून उभी होती. सगळं संपल्यावरही ते हात खाली घ्यायचं तिला सुचलं नाही.

तो परीक्षेला बसला नाही. कोणाशी बोललाही नाही.

उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर, जिथे पानांचे पुडके देतात तिथे, बंदूकवाले आले. त्यांच्यातला एक त्याला म्हणाला, "बसा दादा. तुमचं ऐकाले आलो." मनिरामने घरी येऊन हे पुन्हा पुन्हा सांगितलं. "आई, मले तुमी म्हणला तो."

पावसाळ्यात तो त्यांच्यासोबत गेला.

माणूस बंदूक का उचलतो, हे कळावं म्हणून मी गोंदियाच्या कॉलेजात मानसशास्त्र घेतलं. प्राध्यापकांनी फळ्यावर लिहिलं, 'विकृत मन, बिघडलेले संस्कार.' मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, इससे पूछिए. इसका भाई जंगल में है." सगळा वर्ग माझ्याकडे वळला. मी खाली बघून फळ्यावरचं उतरवून घेत राहिले. 'बसा दादा' एवढ्या दोन शब्दांनी काय होतं, ते फळ्यावर नव्हतं. पण तेवढ्याने उत्तर पुरं होत नाही, हेही मला दिसत होतं. टोपली त्याच्या गळ्यात होती, अपमान आईचाही होता. आई जंगलात गेली नाही. मीही नाही.

पुढे त्याच्या दलमने, म्हणजे बंदूकवाल्यांच्या तुकडीने, शेजारच्या गावच्या पोलीस पाटलाला खबऱ्या ठरवून मारलं. नाल्याकाठी, हात बांधून. घाव कोणी घातला ते मला कधी कळलं नाही. मनिराम तिथे होता. तेवढं पुरे.

मग चकमकीत तोही मेला. खांदा द्यायला मामाशिवाय कोणी आलं नाही.

आमच्यात मेलेल्याला घरी आणतात. नदीवर जाऊन त्याच्या नावाने मोठ्याने हाक मारायची. पाण्यातला मासा, किडा, जे हाती लागेल ते भांड्यात घेऊन यायचं. मग तो घरच्या देवांत बसतो. आई गावच्या भुमकाकडे गेली. भुमक म्हणजे आमचा पुजारी. तो म्हणाला, "पोलिसांचा कॅम्प जवळ हाय, बाई. हाक मनातच मार."

मनात मारलेली हाक चालत नाही. हे त्यालाही माहीत होतं. आईने घासून ठेवलेलं भांडं तसंच राहिलं.

मी शिक्षिका झाले. एक दिवस त्याच बाजाराच्या मैदानावर सरकारी मेळावा भरला. साड्या वाटल्या, भाषणं झाली. एका साहेबांनी मला मंचावर बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. एवढंच म्हणा, तो माझा भाऊ नव्हता, जनावर होता. त्याचं नाव आम्ही घेत नाही. लोकांवर परिणाम होतो." मग हसून म्हणाले, "नोकरी सरकारीच आहे ना तुमची?"

समोर पहिल्या रांगेत पोलीस पाटलाची बायको होती. तिलाही आणलं होतं. मांडीवर नवी साडी.

मंचावरून चिंच दिसत होती.

मी म्हटलं, "त्याचं नाव मनिराम. माझा भाऊ. माणूस मारणाऱ्यांत तो होता, हे मी झाकणार नाही. पण याच बाजारात त्याच्या गळ्यात टोपली..."

माइक बंद झाला.

ती बाई उठली. "तुया भावाचं नाव घेतलं ना तू? मंग माया माणसाचं काऊन नाही घेतलं?"

मला नाव माहीत होतं. फागूलाल. त्यांच्या गावाबाहेर कोणी ते घेत नव्हतं. सरकारच्या भाषणात ते शहीद पोलीस पाटील, जंगलातल्या पत्रकात खबऱ्या. माझ्या तोंडीही पोलीस पाटीलच. तिने साडी खुर्चीवर ठेवली आणि निघून गेली. मी तिच्या मागे गेले नाही. जाऊन काय म्हणणार होते?

भांडं अजून कोरडं आहे. आईला आता नदीपर्यंत चालवत नाही. सोबत यायला कोणी तयार नाही. नोकरी कधी जाईल, सांगता येत नाही. यातलं काहीच माझ्या हातात नाही.

पण बाजार दर आठवड्याला भरतो, आणि चिंच तिथेच आहे. मला माइक नको. मी तिच्याखाली उभी राहीन आणि मोठ्याने नावं घेईन. आधी फागूलाल. मग मनिराम. मग टोपली अडकवणाऱ्याचं. तेही मला पाठ आहे.