कानतुटीचे चौदा दिवस

तीन ऑगस्टला वेल्डरने नर्सबाईंकडून चार हजार तीनशे पन्नास रुपये मोजून घेतले आणि कानतुटीला त्यांच्या हवाली केलं. तिची नसबंदी आणि लसी यांचा तेवढाच खर्च झाला होता. कानतुटी ही झुंजी लावणाऱ्यांच्या तावडीतून सोडवलेली पिटबुल कुत्री. अशी कुत्री माणसाळवून वेल्डर चांगल्या घरी देत असे. स्वतःकडच्या कुत्र्यांच्या शांत जोडीची पिल्लंही तो दोन वर्षांतून एकदाच होऊ देई, तीसुद्धा घरं आधी ठरली तरच. नियम सगळ्यांना एक: चौदा दिवस पाहा, नाही जमलं तर कुत्रं माझ्याकडेच परत.

कानतुटी आधी दोन घरांतून परत आली होती. तिसऱ्यांदा आली तर ती माणसाला कायमची विटेल, या धास्तीने वेल्डरचा जीव थाऱ्यावर नव्हता. फाटकाचं बिजागर पाहायच्या निमित्ताने तो रोज संध्याकाळी नर्सबाईंच्या दारात हजर.

"अहो, बिजागर आहे की तान्हं बाळ?" नर्सबाईंच्या सासूबाई म्हणाल्या. "रोज काय तेल चोळता!"

दहाव्या दिवशी नर्सबाईंचा फोन आला. "दादा, ही रात्री अन्नाला तोंड लावत नाही. दाराशी बसून कण्हते. मुली घाबरल्यात. घेऊन जा."

वेल्डरने गाडीची किल्ली उचलली. बायको दारात आडवी आली. "आधी विचारा, दिवसा कशी असते?"

त्याने विचारलं. दिवसा खाते, मुलींशी खेळते. संध्याकाळनंतरच बिनसतं.

"म्हणजे तुम्ही जाऊन आलात की बिनसतं!" बायको म्हणाली. "तुमचा वास आला की तिला वाटतं, न्यायला आले. लेक सासरी पाठवून रोज तिच्या दारात उभा राहणारा बाप पाहिलाय कुठे?"

वेल्डर वरमला. त्याने नर्सबाईंकडे उरलेले चार दिवस मागून घेतले आणि तिकडे न फिरकण्याचा शब्द दिला. त्या चार दिवसांत त्याने एकाच खिडकीचे गज दोनदा चुकीच्या मापाचे कापले. जेवताना उठे, फोन पाही, पुन्हा बसे.

पंधराव्या दिवशी सकाळी सासूबाईंचाच फोन आला. "ही माझ्या खाटेखाली घोरते हो. डोळ्याला डोळा नाही लागला माझा."

"आणायला येऊ?" वेल्डरने पुन्हा किल्ली उचलली.

"खबरदार!"

नियमातल्या चौदा दिवसांचं खाणं वेल्डरच्या खर्चाने असतं; रोजचे साठ रुपये तो संध्याकाळी दारात आला की देई. न फिरकलेल्या शेवटच्या चार दिवसांचे दोनशे चाळीस रुपये तो नर्सबाईंना अजून देणं लागतो.