घाटातून येणारं औषध

शेजार चांगला असला की किस्से आपोआप साठतात. त्यातून आमच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगमधला संजय ड्रायव्हर, आणि गाडीत असं औषध, जे रस्त्यातच संपत जायचं!

ते बनतं मुंबईत, सायक्लोट्रॉन नावाच्या मशीनमध्ये. शिरेतून टोचलं की स्कॅनमध्ये कॅन्सर कुठे आहे ते दिसतं. पण किरणोत्सारी असल्याने दर दोन तासांनी निम्मंच उरतं.

मी विचारलं, "मशीन दिसतं कसं रे?"

"काकू, मला डबा देणारी खिडकीच दिसते. आत म्हणे कण गोल गोल पळवतात. त्यांचं पळणं थांबलं की माझं सुरू."

*

कसारा घाट चढून आलं की आमच्याकडचे ड्रायव्हर घाटनदेवीला उतरतातच. संजय नुसता हॉर्न द्यायचा. त्याची आई चिडली, "देवीला हॉर्न मारतोस?"

"जाताना उतरतो गं. येताना तीच म्हणते, पळ."

*

एकदा जकात नाक्यावर साहेबांनी शिशाचा जड डबा अडवला. "काय आहे यात?"

"औषध. पण लवकर ठरवा साहेब, तुम्ही बघताय तोवर माल घटतोय. जकात कशावर घेणार?"

साहेबांनी हातानेच जा म्हटलं.

*

मग वरच्या मजल्यावरच्या सुशीलावहिनींचा स्कॅन ठरला. केमो झाली होती. गाठ दिसली नाही तर सुटल्या, दिसली तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. औषध साखरेच्या जातीचं, म्हणून उपाशीपोटी जायचं.

निघताना संजयच्या आईने त्यांच्या हातावर दहीसाखर ठेवली. एवढ्या मोठ्या कामाला माणूस तसाच कसा पाठवायचा?

डॉक्टर म्हणाले, "सकाळपासून काही खाल्लंत?"

"छे! फक्त दहीसाखर."

स्कॅन रद्द. संजय घरी येऊन आईला म्हणाला, "मी देवीपाशी थांबलो नाही, आणि तू वहिनींना थांबवलंस!"

*

पुढच्या खेपेला मी स्वतः वहिनींबरोबर गेले. शेजारी सुरगाण्याकडचे एक बाबा बसले होते, त्यांचाही स्कॅन होता. सोबत त्यांची बायको. बसल्या बसल्या मी त्यांना दहीसाखरेची सगळी हकिगत सांगितली.

तेवढ्यात संजयचा फोन, "घाटात ट्रक आडवा झालाय."

तो धावतपळत पोचला तेव्हा दुपार कलली होती. डॉक्टरांनी मोजून पाहिलं. "एकालाच पुरेल. दुसऱ्यांनी पुढच्या आठवड्यात या."

वहिनी लगेच म्हणाल्या, "बाबांना घ्या. ते लांबून आलेत. मी काय, रिक्षाने येईन."

"नाय बाई, तुमचं एकदा हुकलंय."

"अहो, तुम्हाला परत एसटीने यायचं..."

बाबांनी पुढचं ऐकलंच नाही. पिशवीतून नागलीची भाकर काढली, तुकडा मोडला आणि डॉक्टरांसमोरच तोंडात टाकला.

"लय भूक लागली," ते म्हणाले. "जा तुमी."

त्यांच्या बायकोने पुडी सोडली आणि भाकरीवर चटणी ठेवली.